अन्नप्रक्रिया कारखान्यांतील अगंज पोलादाचे मंच : स्वच्छतेच्या दृष्टीने रचनाविचार

अन्नप्रक्रिया कारखान्याचा आराखडा तयार होत असता टाक्या, पंप, वाहक पट्टे व भरणयंत्रे यांचा विचार प्रथम होतो, आणि तो तसाच व्हावयास हवा. यंत्रे जागेवर बसल्यानंतर मात्र असे ध्यानात येते की, एका टाकीचे झाकण हाताच्या पोहोचेबाहेर आहे, एक झडप तीन मीटर उंचीवर आहे, आणि वाहक पट्टा ओलांडून पलीकडे जाण्यास वाट उरलेली नाही. मग घाईघाईने एखाद्या फॅब्रिकेटरला बोलावून जिना, जाळी व कठडा यांचा एक मंच करून घेण्यात येतो. प्रक्रियेच्या आकृतीत या मंचाला स्थान नसते. त्याची गणना यंत्रात होत नाही, आणि इमारतीच्या नकाशातही तो क्वचितच सापडतो.

अशा रीतीने पोरका राहिलेला हा सांगाडा वस्तुतः कारखान्यातील अत्यंत जबाबदारीच्या जागी उभा असतो. माणसाचे पाय अन्नाच्या पातळीपेक्षा वर नेणे हेच त्याचे काम होय. जमिनीवरची घाण जमिनीवरच राहावी यासाठी केलेली सारी व्यवस्था तो एका जिन्याने ओलांडून जातो. म्हणून त्याच्या रचनेला दोन शास्त्रांचे नियम एकाच वेळी लागू पडतात : वर उभा राहणारा माणूस पडू नये हा एक, आणि त्याच्या पायाखालचे काही अन्नात पडू नये हा दुसरा. हे दोन नियम अनेक ठिकाणी परस्परांच्या आड येतात. तो विरोध नेमका कोठे उद्भवतो आणि आराखड्याच्या फळ्यावरच त्याचा परिहार कसा करता येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. दोष कसा घडतो

ओलसर व थंड कारखान्यात ज्या सूक्ष्मजंतूची सर्वांत अधिक धास्ती बाळगली जाते तो म्हणजे लिस्टेरिया मोनोसायटोजिनीस. दुधाच्या योग्य पाश्चरीकरणात तो टिकत नाही. म्हणून धोका बहुधा असतो तो उष्णतासंस्कारानंतरच्या टप्प्यात, म्हणजे अन्न थंड होऊन उघडे असताना. शीतगृहाच्या तापमानातही हा जंतू वाढतो, पृष्ठभागावर चिकट थर करून राहतो, आणि एकदा फटीत स्थिरावला की महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, तेथे तग धरतो. गर्भवती स्त्रिया, नवजात बालके, वृद्ध आणि दुर्बल रोगी यांना त्याच्यापासून होणारा आजार प्राणघातक ठरू शकतो.

२०११ साली अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातील एका शेतावरून आलेल्या खरबुजांमुळे २८ राज्यांत १४७ माणसे आजारी पडली आणि ३३ दगावली. चौकशीत फळे धुण्याच्या व भरण्याच्या जागेचे दोष उघडकीस आले. यंत्रे सहज साफ करता येतील अशी नव्हती; यंत्रांजवळ आणि कामगारांच्या येण्याजाण्याच्या वाटांजवळ पाणी साचून राहील अशीच तेथील रचना होती. यंत्रांच्या पृष्ठभागांवरून घेतलेल्या नमुन्यांत जंतू सापडला. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत याच जंतूची जी मोठी साथ झाली, तिच्यात रुग्णांची संख्या हजारावर व मृतांची दोनशेवर गेली. पोलोनी नावाच्या, शिजवून तयार केलेल्या मांसाच्या पदार्थापर्यंत तिचा माग पोहोचला.

या घटनांत मंच हा दोषी होता असे येथे सुचवावयाचे नाही. तथापि त्यांतून जी साखळी दिसते ती मंचाला तंतोतंत लागू पडते. ओलावा साचतो, साचलेल्या जागी अन्नाचे कण राहतात, तेथे ब्रश पोहोचत नाही, जंतू वाढतो, मग थेंब, तुषार, हात किंवा बूट यांपैकी कोणतेही वाहन त्याला अन्नापर्यंत नेते. मंचाच्या बाबतीत तर गुरुत्वाकर्षणच हे काम करते. लिस्टेरियाच्या एका पेशीची जाडी सुमारे अर्धा मायक्रोमीटर असते. म्हणजे दोन पत्र्यांमधील एक दशांश मिलिमीटरची फट डोळ्यांना जेमतेम रेषेसारखी दिसली, तरी जंतूच्या मानाने ती त्याच्या जाडीच्या दोनशे पट रुंद असते. ब्रशाचा केस तिच्यात शिरत नाही. पाणी मात्र केशाकर्षणाने आत ओढले जाते.

येथेच या विषयाचे नैतिक अंगही स्पष्ट होते. कारखाना बहुधा रात्री धुतला जातो, आणि धुणारा कामगार हा तेथील सर्वांत कमी वेतनाचा व सर्वांत कमी अधिकाराचा माणूस असतो. नमुना सदोष निघाला की बोल त्याला लागतो. परंतु वेल्डिंगने कायमची झालेली फट कितीही कष्ट केले तरी घासून निघत नाही. आराखड्यात राहिलेला दोष शिस्तीने भरून काढता येत नाही.

२. दोन नियमावल्या

यंत्रांवर चढण्याच्या कायम साधनांसाठी आयएसओ १४१२२ ही आंतरराष्ट्रीय मानकमाला आहे. तिच्यानुसार कठड्याची उंची किमान ११०० मिलिमीटर असावी, आडव्या दांड्यांमधील मोकळी जागा ५०० मिलिमीटरांहून अधिक नसावी, आणि कडेला किमान १०० मिलिमीटर उंचीची पायपट्टी असावी. मंचाच्या जाळीतून ३५ मिलिमीटर व्यासाचा गोळा खाली पडता कामा नये; आणि खाली माणसे नेहमी काम करीत असतील तर २० मिलिमीटरांचाही पडता कामा नये. भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३२ ने जमीन, जिने व चढण्याची साधने भक्कम आणि सुस्थितीत असावीत असा दंडक घातला. पुढे तो अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत समाविष्ट करण्यात आला.

दुसऱ्या बाजूस, यंत्ररचनेतील आरोग्यविषयक गरजांसाठी आयएसओ १४१५९ हे मानक आहे, आणि १९८९ साली स्थापन झालेल्या युरोपियन हायजिनिक इंजिनिअरिंग अँड डिझाइन ग्रुप या संस्थेच्या मार्गदर्शक पुस्तिका आहेत. भारतात अन्न व्यवसायांच्या परवाना व नोंदणीविषयक २०११ च्या विनियमांतील अनुसूची ४ हिच्यात छत व डोक्यावरील जोडण्या यांवर धूळ व दव साचू नये, आणि जमिनीवरील पाण्याचा निचरा प्रक्रियेच्या दिशेच्या उलट व्हावा, अशी अपेक्षा आहे.

पहिल्या गटाच्या नियमांना खालचे अन्न दिसत नाही. २० मिलिमीटरांचा गोळा अडला की त्यांचे समाधान होते, मग बुटाची माती त्या भोकातून खुशाल खाली जावो. दुसऱ्या गटाच्या नियमांना वरचा माणूस पुसटच दिसतो. पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितका चांगला असे ते सांगतात, आणि ओल्या गुळगुळीत पत्र्यावर माणूस घसरतो. म्हणून दोन्ही नियमावल्या स्वतंत्रपणे पाळल्या तरी मंच निर्दोष होईलच असे नाही. दोहोंचा मेळ घालणे हे अभियंत्याचे काम आहे.

या मेळाची पहिली पायरी मंचाच्या आधीच येते. चढण्याचे साधन निवडताना जमिनीवरूनच हात पोहोचेल अशी व्यवस्था सर्वांत पसंत करावी, असे आयएसओ १४१२२ चा पहिला भाग सांगतो. सुरक्षिततेसाठी दिलेला हा सल्ला स्वच्छतेलाही तितकाच मानवणारा आहे. झडप, मापक किंवा नमुना घेण्याची तोटी खाली आणता आली, तर एक मंच कमी होतो. ते शक्य नसेल तेथे दुसरा प्रश्न विचारावा : मंच उघड्या अन्नाच्या बाजूला सरकवता येईल काय? वाहक पट्टा ओलांडावयाचाच असेल तर पूल अशा जागी न्यावा की, जेथे पट्ट्यावरील माल बंद वेष्टनात असेल. तेही शक्य नसल्यास पुलाखालील पट्ट्यावर झाकण घालावे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून धातूकडे वळू नये.

३. धातूची निवड

साध्या पोलादाला रंग दिला तर रंगाचे पापुद्रे सुटतात आणि ते खाली पडतात. जस्ताचा मुलामा दिला तर जस्त हे आम्ल व अल्कली या दोहोंतही विरघळणारे आहे. आणि धुलाईत तर कॉस्टिक सोडा, नायट्रिक आम्ल व फॉस्फरिक आम्ल यांचा नित्य वापर असतो. म्हणून अगंज पोलाद, म्हणजेच व्यवहारातील स्टेनलेस स्टील, हे येथे चैनीचे साधन नसून गरजेचे ठरते.

अगंज पोलादाचे संरक्षण त्याच्या पृष्ठभागावरील क्रोमियम ऑक्साइडच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थराने होते. त्यासाठी पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असावे लागते. ३०४ या प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकल असते. ३१६ या प्रकारात त्यांच्या जोडीला २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि क्लोराइडच्या माऱ्यापुढे तो अधिक टिकाव धरतो. साध्या तापमानाच्या पाण्यात सुमारे २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोराइडपर्यंत ३०४ आणि सुमारे १,००० मिलिग्रॅमपर्यंत ३१६ चालतो, असा व्यवहारातील आडाखा आहे.

मात्र हा आडाखा वाहत्या पाण्याचा आहे. मंचावर पाणी साचून आटते. १०० मिलिग्रॅम क्लोराइड असलेल्या पाण्याचे डबके आटून दशांश उरले की त्याच पाण्यात क्लोराइडचे प्रमाण १,००० मिलिग्रॅम होते. आणि फटीत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही व संरक्षक थर पुन्हा बांधला जात नाही, तेथे खळ्या पडू लागतात. जंतुनाशक म्हणून वापरलेले हायपोक्लोराइट नीट न धुतल्यास हाच परिणाम होतो. रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या ठिकाणी मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या किंवा आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत खारी हवा ही त्यात भर घालते. तेथे ३१६ची निवड समर्थनीय होय. परंतु पाणी साचू देणारा ३१६चा मंच हा पाणी वाहून नेणाऱ्या ३०४च्या मंचापेक्षा चांगला, असे समजणे चुकीचे आहे. धातू बदलल्याने आकाराचा दोष झाकला जात नाही.

४. जाळी की सलग पत्रा

कारखान्यांतून सर्वत्र आढळणारी मंचाची जमीन म्हणजे उघडी जाळी. ती हलकी असते, तिच्यावर पाणी साचत नाही आणि पाय घसरत नाही. खाली केवळ धुता येण्याजोगी जमीन असेल तर तिची निवड योग्यच ठरते. मात्र जाळीच्या पट्ट्या जेथे एकमेकींत दाबून बसवलेल्या असतात तेथे प्रत्येक छेदावर एक सूक्ष्म फट राहते. एक चौरस मीटर जाळीत असे शेकडो छेद असतात, हे विसरता कामा नये.

खाली उघडे अन्न, उघडी टाकी किंवा अन्नाशी स्पर्श होणारे यंत्र असेल तर जाळी सर्वस्वी वर्ज्य होय. तेथे सलग पत्राच हवा. परंतु सलग पत्र्याबरोबर दोन नवे प्रश्न येतात : घसरण्याचा आणि निचऱ्याचा. घसरू नये म्हणून उंचवट्यांचा चेकर्ड पत्रा वापरतात. त्याचे उंचवटे लांबट व एकमेकांना आडवे असतील तर त्यांच्यामध्ये पाणी अडते. विरळ, गोलसर व कडा बोथट असलेल्या उंचवट्यांचा पत्रा अधिक श्रेयस्कर, कारण पाण्याला त्यांच्यामधून वाट मिळते आणि ब्रशही सर्व बाजूंनी फिरतो. वाळू मिसळलेल्या चिकट पट्ट्या मात्र लावू नयेत. त्यांच्या कडा उचलल्या जातात आणि पट्टीखाली ओल धरते.

५. उतार आणि वाक

सलग पत्र्याला उतार द्यावा लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. किती द्यावा, याचे उत्तर मात्र बहुधा सवयीने दिले जाते. हा प्रश्न पत्र्याच्या वाकाशी निगडित असून त्याचे गणित सोपे आहे.

दोन आधारपट्ट्यांवर टेकलेल्या आणि सर्वत्र सारखा भार असलेल्या पत्र्याच्या पट्टीचा मधला वाक ‘व’ आणि गाळा ‘ल’ मानला, तर आधाराशी पत्र्याचा कल ३.२ × व ÷ ल इतका येतो. पाणी जर आधारपट्ट्यांना काटकोनात, म्हणजे एकीवरून दुसरीकडे वाहावयाचे असेल, तर मुद्दाम दिलेला उतार या कलाहून अधिक असला पाहिजे. अन्यथा खालच्या आधारापाशी पत्रा उलट चढतो आणि डबके तयार होते. १०० मध्ये १ उतार असता वाक गाळ्याच्या ३२० व्या भागाहून कमी हवा. ५० मध्ये १ उतार असता १६० व्या भागाहून कमी चालतो.

आता सुरक्षिततेचे मानक भारित मंचाचा वाक गाळ्याच्या २०० व्या भागापर्यंत चालवून घेते. याचा अर्थ असा की, १०० मध्ये १ उताराचा मंच सुरक्षिततेच्या कसोटीस पूर्णपणे उतरूनही निचऱ्याच्या कसोटीस नापास होऊ शकतो. उदाहरणार्थ, ५०० मिलिमीटर गाळ्यावर ४ मिलिमीटर जाडीचा पत्रा आणि दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन भार घेतला, तर पत्र्याच्या स्वतःच्या वजनासह वाक सुमारे १.७६ मिलिमीटर येतो. सुरक्षिततेची मर्यादा २.५ मिलिमीटर आहे, निचऱ्याची १.५६. पत्रा ५ मिलिमीटरांचा केला तर वाक ०.९३ मिलिमीटरवर येतो आणि दोन्ही कसोट्या पार पडतात. पत्रा ४ मिलिमीटरांचाच ठेवून उतार ५० मध्ये १ केला तरी कार्यभाग साधतो, मात्र १.२ मीटर रुंदीत कडांच्या उंचीत २४ मिलिमीटरांचा फरक पडेल, आणि उभ्या राहणाऱ्याला तो जाणवेल. पत्रा अनेक आधारांवर सलग असेल तर वाक याहून कमी येतो. तेव्हा हे गणित सुरक्षित बाजूचे आहे.

तिसरा मार्ग असा की, त्याला जवळजवळ खर्च नाही. आधारपट्ट्या उताराच्या दिशेला समांतर ठेवाव्यात. मग दोन पट्ट्यांमध्ये पत्रा वाकला तर त्याची उताराच्या दिशेने जाणारी उथळ पन्हळ होते, आणि वाक हाच निचऱ्याला साहाय्यक ठरतो. यासाठी खालच्या टोकाशी आडवी तुळई पत्र्याला भिडवू नये. पत्रा थेट पन्हळीत उतरवावा. पन्हळीतील पाणी एका नळीने जमिनीवरील मोरीपर्यंत न्यावे, आणि उताराची दिशा नेहमी अन्नापासून दूर असावी.

या गणितात न येणारा एक वाक वेल्डिंगमुळे येतो. क्रोमियम-निकल पोलाद साध्या पोलादापेक्षा तापल्यावर सुमारे दीडपट प्रसरण पावते, आणि त्याची उष्णतावाहकता मात्र साध्या पोलादाच्या सुमारे तृतीयांश असते. त्यामुळे उष्णता एकाच जागी कोंडते व पत्रा वेडावाकडा होतो. मंच तयार झाल्यावर त्याच्यावर पाणी ओतून ते कोठे थांबते हे पाहिल्यावाचून तो ताब्यात घेऊ नये.

६. सांगाडा

खांब व तुळया यांसाठी चौकोनी पोकळ नळ वापरण्याची पद्धत आहे. चौकोनी नळाची वरची बाजू सपाट असल्याने ती एक अरुंद फळीच होते, आणि तिच्यावर पीठ, साखर वा साय यांचा थर बसतो. आडव्या सदस्यांसाठी गोल नळ घ्यावा, किंवा चौकोनी नळ ४५ अंशांत फिरवून त्याची धार वर करावी. कोन वापरावयाचा झाल्यास त्याचा शिरा वर असावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी पाणी ओघळून जाते.

पोकळ नळाचा मोठा धोका त्याच्या पोटात असतो. नळाच्या टोकाला प्लॅस्टिकची बोंडी ठोकून बसवणे किंवा नळाला भोक पाडून बोल्ट घालणे म्हणजे आतील अंधाऱ्या, ओल्या जागेला दार ठेवणे होय. सर्व बाजूंनी वेल्डिंग केलेल्या नळातही एखादे सूक्ष्म छिद्र राहिले तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. गरम पाण्याने धुताना नळातील हवा ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापली आणि छिद्रातून तिला बाहेर पडण्यास वाव मिळाला. नंतर शीत कक्षात नळ १० अंशांपर्यंत निवला आणि त्याच वेळी छिद्रावर पाण्याचा पापुद्रा असला, तर आतील हवेचा दाब ३३३ केल्व्हिनला २८३ केल्व्हिन या प्रमाणात, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांनी, उतरू पाहतो. दीड मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतकी ही ओढ असते. प्रत्येक धुलाईत नळ असा एक घोट पाणी पितो, आणि दुसऱ्या दिवशी तापल्यावर त्यातील काही बाहेर टाकतो. म्हणून पोकळ नळ एकतर पूर्ण बंद असावा व त्याची दाबाने तपासणी व्हावी, किंवा तो वापरूच नये. उघडा, सर्व बाजूंनी दिसणारा आकार निवडावा.

बोल्टांच्या बाबतीतही हाच न्याय आहे. उघडे आटे, एकावर एक ठेवलेल्या चकत्या, आणि दोन सपाट पृष्ठभाग नुसते एकमेकांवर आवळून केलेले जोड ही तीन फटींची माहेरघरे होत. जेथे भाग सोडवण्याची गरज नाही तेथे वेल्डिंग करावे. जेथे आहे तेथे घुमटी टोपीचे नट व रबरी चकती वापरावी. खांबाची तळपट्टी फरशीवर नुसती टेकवून तिच्याखाली पाणी जाऊ देऊ नये. खांबाखाली उतरत्या बाजूंचा उंचवटा करून तळपट्टीची कड पूर्ण बंद करावी.

७. कठडा, पायपट्टी व जिना

दोन शास्त्रांचा विरोध सर्वांत ठळकपणे दिसतो तो पायपट्टीच्या ठिकाणी. हत्यार वा नट पायाने ढकलला जाऊन खाली पडू नये म्हणून ही पट्टी असते. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत तिची उंची किमान साडेतीन इंच व तिच्याखालील मोकळी जागा पाव इंचाहून अधिक नसावी, असे म्हटले आहे. पाणी जावे म्हणून फॅब्रिकेटर ही पाव इंचाची फट मुद्दाम ठेवतो. सुरक्षा अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. स्वच्छतेच्या दृष्टीने मात्र तिच्याहून वाईट आकार शोधून सापडणार नाही : ब्रश जाण्यास ती अरुंद आहे, आणि घाण पाणी थेट खालच्या मालावर सोडण्यास पुरेशी रुंद आहे.

यावरील तोडगा म्हणजे पायपट्टी वेगळी करूच नये. मंचाचा पत्राच कडेला वर वळवून ती साधावी. वळणाचा अंतर्गत त्रिज्याविस्तार शक्यतो ६ मिलिमीटर असावा, ३ मिलिमीटरांहून कमी नसावा. अशा एका वळणाने पायपट्टी मिळते, फट जाते, पत्र्याची कड ताठ होऊन वाक घटतो, आणि पाणी ठरलेल्या पन्हळीखेरीज अन्यत्र उतरू शकत नाही. टाकीचे तोंड मंचातून वर येत असेल तर त्या भोकाभोवतीही पत्रा असाच वर वळवावा, आणि टाकीचे झाकण मंचाच्या पातळीपेक्षा चांगले उंच ठेवावे. कठड्याचे खांब या वळवलेल्या कडेला बाहेरून जोडावेत. पत्र्याला भोक पाडून आत उतरवू नयेत.

जिन्यालाही हाच विचार लागू आहे. अन्नाजवळच्या जिन्याच्या पायऱ्या सलग असाव्यात व त्यांच्या मागील उभी बाजू बंद असावी. अन्यथा चढणाऱ्याच्या बुटाची घाण पायऱ्यांच्या मधून खाली झडते. जिन्याच्या पायथ्याशी बूट धुण्याची सोय असावी. उभी शिडी जागा वाचवते. परंतु तिच्यावर चढणारा हात जेथे धरतो तेथेच आधीच्या माणसाचा बूट टेकलेला असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे वारंवार वापराच्या जागी ती का टाळावी हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

८. वेल्डिंग व अंतिम संस्करण

बळाच्या हिशेबाने पुष्कळ जोडांना तुटक वेल्डिंग पुरते, आणि बळाचा हिशेब करणारा अभियंता तेवढेच नकाशावर दाखवतो. दोन टाक्यांमधील न जोडलेला भाग म्हणजे मात्र लांबच लांब फट असते. म्हणून येथे वेल्डिंग सलगच हवे. सलग वेल्डिंगने उष्णता वाढते, आणि उष्णतेने पत्रा वाकतो; तेव्हा वेल्डिंग कमी व वळण अधिक, हे सूत्र संपूर्ण रचनेत पाळावे.

पोलाद ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळले तर त्यातील कार्बन क्रोमियमशी संयोग पावतो, आणि कणसीमांवर क्रोमियम अपुरे पडून तेथे गंज शिरतो. म्हणून कार्बनचे प्रमाण ०.०३ टक्क्यांहून अधिक नसलेले ३०४-एल वा ३१६-एल हे प्रकार घ्यावेत. जोडाभोवतीचा निळसर-तपकिरी पट्टा शोभेपुरताच काढावयाचा नसतो. त्याच्याखाली क्रोमियम घटलेले असते. नायट्रिक व हायड्रोफ्लुओरिक आम्लांच्या लेपाने तो काढून टाकावा व पृष्ठभाग पुन्हा संरक्षित होऊ द्यावा. साध्या पोलादाचा तारब्रश किंवा तेच चाक अगंज पोलादावर चालवू नये. मागे राहिलेले लोखंडाचे कण पहिल्याच पावसाळ्यात तांबडे होतात.

९. कसोटी

मंचाचा आराखडा चांगला की वाईट, हे वादाने ठरवण्याचे कारण नाही. रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, पाण्यात दर लिटरला सुमारे ०.२ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून मंचावर सर्वत्र फवारावे, नेहमीच्या पद्धतीने मंच धुवावा, आणि अंधारात अतिनील दिव्याने पाहावे. ज्या जागी पाणी पोहोचले नाही तेथे पिवळसर हिरवी चमक राहते. हे द्रव्य निरुपद्रवी व स्वस्त असून प्रयोग एका रात्रीत आटोपतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकाच मंचाच्या दोन कडा, एक फट ठेवून जोडलेल्या पायपट्टीची व दुसरी वळवलेल्या पत्र्याची, या रीतीने तपासल्यास त्यातून उपयुक्त अभ्यास हाती येईल. मात्र तपासणी आराखड्याची आहे, धुणाऱ्याची नव्हे, हे आरंभीच सर्वांना सांगून ठेवावे. आणि धुणाऱ्यालाही त्या वेळी शेजारी उभे करावे. कोठे हात पोहोचत नाही हे त्याला नकाशा काढणाऱ्यापेक्षा आधीच ठाऊक असते.

वरील विवेचनाचा मथितार्थ थोडक्यात असा की, मंच हा इमारतीचा भाग नसून यंत्राचा भाग आहे असे मानून त्याची रचना व्हावी. गाळा, वाक व बळ यांचा हिशेब आणि निचरा, फट व थेंब यांचा हिशेब एकाच कागदावर, एकाच वेळी मांडला गेला पाहिजे. तसे केल्यास पत्र्याच्या एका वळणात किंवा आधारपट्ट्यांच्या दिशेत दोहोंचे समाधान होते, हे पायपट्टीच्या व उताराच्या उदाहरणांवरून दिसून आले आहे. तसे न केल्यास कठड्याआड सुरक्षित उभ्या असलेल्या माणसाच्या बुटाखालून एक थेंब सुटतो. आणि तो कोणाच्या ताटात पडणार, हे त्या माणसाला कधीच कळत नाही.